कार्य-कुटुंब समतोल व कार्यसमाधान, विद्यापीठीय सेवकवर्गातील

विद्यापीठे, त्यांची संलग्न महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठे यांतील अध्यापक व शिक्षकेतर सेवक यांनी नोकरीतील कर्तव्ये आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांत घातलेला मेळ म्हणजे कार्य-कुटुंब समतोल, तर आपल्या कामाविषयी व कामाच्या परिस्थितीविषयी सेवकाच्या मनात निर्माण होणारी अनुकूल भावना म्हणजे कार्यसमाधान. या दोन्हींचा परस्परसंबंध हा औद्योगिक मानसशास्त्र, समाजशास्त्र व कार्मिक व्यवस्थापन या तिन्ही शास्त्रांचा अभ्यासविषय आहे. समतोल म्हणजे वेळेची समसमान वाटणी नव्हे. दोन्हींपैकी कोणत्याही एका क्षेत्रातील कर्तव्य दुसऱ्याच्या हानीवाचून पार पाडता येणे, हा त्याचा खरा अर्थ होय. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यत्वे महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ मध्ये साताऱ्यापासून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शिक्षणसंस्थांची दाट वस्ती आणि शिक्षकी पेशाकडे व्रत म्हणून पाहण्याची जुनी परंपरा यांमुळे या प्रश्नाच्या अभ्यासास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

संकल्पना व विचारविकास : कामगाराच्या समाधानाचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. अमेरिकेतील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांतून वेतन व भौतिक सोयी यांखेरीज मानवी संबंधांचाही कामावर परिणाम होतो, हे एल्टन मेयो व त्याचे सहकारी यांनी पुढे मांडले. रॉबर्ट हॉपॉक याने १९३५ मध्ये कार्यसमाधानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्याचे सहकारी यांनी सु. २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींच्या आधारे १९५९ मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. त्यानुसार कामातील यश, मान्यता, जबाबदारी व प्रगती हे घटक समाधान देतात, तर वेतन, देखरेख, सेवाशर्ती व नोकरीची सुरक्षितता हे घटक अपुरे असल्यास असमाधान निर्माण करतात. दुसऱ्या गटातील उणीव पहिल्या गटातील समृद्धीने भरून निघत नाही, हा या सिद्धांताचा विशेष असून शिक्षणक्षेत्राला तो चांगला लागू पडतो.

या काळातील बहुतेक संशोधनात कुटुंब हा विषय आलाच नाही. कामगार म्हणजे पुरुष आणि त्याचे घर सांभाळणारी पत्नी घरी आहे, हे गृहीत धरले गेले होते. १९६४ मध्ये रॉबर्ट कान व त्याचे सहकारी यांनी एकाच व्यक्तीकडून परस्परविरोधी अपेक्षा केल्या गेल्यास भूमिकासंघर्ष उद्भवतो, असे दाखविले. घर व नोकरी ही दोन वेगळी जगे असल्याची समजूत भ्रामक आहे, असे रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७७ मध्ये प्रतिपादन केले. जेफ्री ग्रीनहाउस व निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये कार्य-कुटुंब संघर्षाचे तीन प्रकार सांगितले : (१) कालजन्य म्हणजे एका भूमिकेस दिलेला वेळ दुसरीस न मिळणे, (२) ताणजन्य म्हणजे एका ठिकाणचा थकवा वा चिंता दुसऱ्या ठिकाणी नेली जाणे, (३) वर्तनजन्य म्हणजे एका भूमिकेस योग्य असलेली वागणूक दुसरीस अयोग्य ठरणे. आर्ली हॉकशील्ड हिने १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरकामास दुसऱ्या पाळीची उपमा दिली. नंतरच्या संशोधनात या दोन क्षेत्रांचे परस्परपोषणही लक्षात घेतले गेले. घरातील आधाराने कामास व कामातील आत्मविश्वासाने घरास बळ मिळते, असे ग्रीनहाउस व पॉवेल यांनी २००६ मध्ये मांडले. एलन कोसेक व सिंथिया ओझेकी यांनी १९९८ पर्यंतच्या अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता संघर्ष जितका अधिक तितके कार्यसमाधान कमी, असा सुसंगत कल आढळला.

विद्यापीठीय कामाचे स्वरूप : विद्यापीठातील काम बाहेरून पाहणाऱ्यास हलके वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांस १४ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविण्यात आले. मात्र याच विनियमांत वर्षातील ३० आठवडे दर आठवड्यास किमान ४० तासांचा कार्यभार आणि दररोज किमान पाच तास संस्थेत उपस्थिती यांचीही तरतूद आहे. उरलेल्या तासांत पाठाची तयारी, उत्तरपत्रिका-तपासणी, संशोधन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, समित्यांची कामे व अहवाललेखन ही कामे येतात. त्यांपैकी बरीचशी घरी केली जातात व त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. कारखान्याचा भोंगा वाजल्यावर कामगाराचे काम संपते. अध्यापकाच्या कामाला असा भोंगा नाही.

कामाची ही लवचिकता दुहेरी असते. तिच्यामुळे आजारी मुलाजवळ बसून पाठाची तयारी करता येते. पण तिच्यामुळेच मुलाजवळ बसलेला अध्यापक कामातून मोकळाही होत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची स्थापना १९९४ मध्ये झाल्यानंतर महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी कागदपत्रे तयार करण्याचे काम वाढत गेले. २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी गुणांक-पद्धती आणली आणि शोधनिबंध, चर्चासत्रे व उपक्रम यांची मोजदाद सुरू झाली. २०१८ मध्ये तिच्यात फेरबदल झाले. सत्रपद्धतीमुळे वर्षातून दोनदा परीक्षा व दोनदा तपासणी आली. हिवाळी सत्राचे हे काम बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते. कोरोना महासाथीत मार्च २०२० पासून वर्ग बंद झाले व अध्यापन दूरस्थ पद्धतीने सुरू झाले. एकाच खोलीत एकाच यंत्रावर आईचे वा वडिलांचे अध्यापन आणि मुलांची शाळा चालविण्याची वेळ अनेक घरांवर आली. घर व कामाचे ठिकाण यांतील उरलीसुरली सीमाही त्या काळात पुसली गेली.

सातारा-सांगली परिसरातील परंपरा : या प्रदेशात शिक्षकी पेशाचे मोल त्यागाच्या मापाने ठरविण्याची रीत जुनी आहे. कराड तालुक्यातील टेंभू येथे जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) हे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आद्य आजीव सदस्यांपैकी एक होते. आजीव सदस्याने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा या संस्थेचा दंडक होता. मात्र वेतनवाढ असावी की नसावी आणि सदस्यांनी बाहेरून अर्थप्राप्ती करावी की करू नये, यांवरून संस्थेत तीव्र मतभेद झाले व १८९० मध्ये बाळ गंगाधर टिळक संस्थेतून बाहेर पडले. या वादास व्यक्तिगत व वैचारिक बाजूही होत्या. तरी ध्येयवादी संस्थेच्या सेवकाने आपल्या वाढत्या संसाराची सोय कशी लावावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणसंस्थेत या प्रश्नाची उघड चर्चा झाल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. याच सोसायटीने १९१९ मध्ये सांगली येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले.

त्याच वर्षी भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालू झाले. त्याचा भार केवळ भाऊरावांवर नव्हता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांचा स्वयंपाक व आजारपणे पाहिली. धान्य संपले तेव्हा आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे नाव संस्थेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. समाजशास्त्रीय दृष्टीने पाहता ही घटना आणखी एक गोष्ट दाखविते : संस्थेच्या उभारणीत कुटुंबातील स्त्रीचे विनामूल्य श्रम व तिचे स्त्रीधन हे भांडवल म्हणून वापरले गेले. एकाच्या व्रताची किंमत घरातील दुसऱ्या व्यक्तीने मोजली. हे श्रम पुढील काळातील शिक्षकांच्या घरीही चालू राहिले. पण त्यांची नोंद क्वचितच झाली.

रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय व १९५४ मध्ये कराडात सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू केले. संस्थेच्या शाखा अनेक जिल्ह्यांत पसरलेल्या असल्याने बदली हा तेथील सेवेचा अंगभूत भाग आहे. एकट्या मिळवत्या पुरुषाच्या काळात बदली झाल्यास सारे कुटुंब त्याच्याबरोबर जाई. पती-पत्नी दोघेही नोकरी करू लागल्यावर मात्र बदली म्हणजे दोन बिऱ्हाडे, रोजचा लांबचा प्रवास किंवा एकाने नोकरी सोडणे, असे पर्याय उरले.

सेवकवर्गाचे आजचे स्वरूप : कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली. आरंभी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व रत्नागिरी हे जिल्हे त्याच्या कक्षेत होते. पुढे रत्नागिरीचा भाग मुंबई विद्यापीठाकडे गेला आणि २००४ मध्ये सोलापूरसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. सातारा व सांगली येथील बहुसंख्य महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न राहिली. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ अस्तित्वात आले. कराड येथे कृष्णा अभिमत विद्यापीठ असून भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सांगली येथे आहे. अभियांत्रिकी शिक्षणात सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) व कराडचे शासकीय महाविद्यालय (१९६०) या जुन्या संस्था होत.

या सर्व संस्थांतील सेवकांना ‘विद्यापीठीय सेवक’ या एकाच नावाने ओळखले, तरी त्यांच्या समतोलाचा प्रश्न एकसारखा नाही. त्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

(१) कायम अध्यापक : या गटास नियमित वेतनश्रेणी, रजा व नोकरीची शाश्वती असते. राज्य शासनाने २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगाची श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. या गटाचा ताण मुख्यत्वे कालजन्य व पदोन्नतीशी निगडित असतो. सहयोगी प्राध्यापकपदासाठी विद्यावाचस्पती पदवी आवश्यक ठरली आहे. तिची तयारी आणि लहान मुलांचे संगोपन ही दोन्ही कामे बहुधा वयाच्या तिशीत एकत्र येतात. त्यामुळे अनेक अध्यापिकांचे संशोधन लांबते व त्याचा परिणाम पुढील सर्व सेवेवर होतो.

(२) शिक्षकेतर सेवक : लिपिक, अधीक्षक, ग्रंथालय-परिचर, प्रयोगशाळा-सहायक, शिपाई इ. सेवकांना ठराविक कार्यालयीन वेळ असते. त्यामुळे काम घरी नेण्याचा प्रसंग कमी येतो. परंतु अध्यापकांप्रमाणे उन्हाळी व दिवाळीची दीर्घ सुटी त्यांना नसते आणि प्रवेश व परीक्षा या काळांत कामाचे तास वाढतात. कामावरील नियंत्रण अल्प व बढतीच्या संधी मर्यादित, अशी त्यांची स्थिती असते. आश्वासित प्रगती योजना व वेतन-थकबाकी या मागण्यांसाठी राज्यातील विद्यापीठीय शिक्षकेतर सेवकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संप केला. त्यांचे असमाधान हर्झबर्गच्या दुसऱ्या गटातील घटकांशी कसे निगडित आहे, हे या मागण्यांवरून दिसते.

(३) तासिका तत्त्वावरील व कंत्राटी अध्यापक : यांना घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळते, दीर्घ सुटीच्या काळात ते थांबते आणि पुढील वर्षी नेमणूक होईलच, याची खात्री नसते. कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापकपदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, अशी मर्यादा २०१८ च्या विनियमांत घातलेली आहे. तथापि महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने अध्यापनाचा मोठा भाग या अध्यापकांवर पडला. अनेकांना एकाहून अधिक महाविद्यालयांत तास घ्यावे लागतात. त्यांच्या बाबतीत समतोल हा शब्द अपुरा पडतो. विवाह, अपत्यजन्म, घरासाठी कर्ज, आईवडिलांचे औषधपाणी हे कुटुंबाचे मूलभूत निर्णयच नेमणुकीच्या अनिश्चिततेमुळे पुढे ढकलले जातात. संघर्षासाठी दोन स्थिर भूमिका लागतात. येथे मुळात एक भूमिका अस्थिर असते.

(४) वैद्यकीय व परिचर्या-सेवक : रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत अध्यापनाबरोबर रुग्णसेवाही असते. पाळ्यांचे काम, रात्रपाळी व तातडीची बोलावणी यांमुळे झोप व कौटुंबिक वेळापत्रक यांवर सरळ परिणाम होतो.

नोकरीच्या आरंभदिनांकानुसारही सेवकवर्गात भेद पडला. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना न देता अंशदायी योजना लागू करण्यात आली. एकाच विभागात शेजारी बसणाऱ्या दोन सेवकांचे वार्धक्य त्यामुळे निराळ्या पायावर उभे राहिले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय व निमशासकीय सेवकांनी केलेल्या संपाची ती प्रमुख मागणी होती. तत्पूर्वी २०१३ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांनी वेतन-थकबाकी व सेवाविषयक मागण्यांसाठी परीक्षाकामावर बहिष्कार घातला होता.

कुटुंबाची बाजू : सातारा व सांगली जिल्ह्यांत कुटुंबाचा अर्थ शहरी विभक्त घरापुरता मर्यादित नाही. कृष्णा-कोयनेच्या काठी ऊस व भाजीपाला यांची बागायती शेती आहे, तर माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण आहेत. कराड, इस्लामपूर, विटा, सांगली वा सातारा येथे नोकरी करणाऱ्या अनेक सेवकांचे मूळ घर व जमीन जवळच्या गावी असते. पेरणी, ऊसतोड, गावची जत्रा, भावकीतील कार्ये व वृद्धांची शुश्रूषा या जबाबदाऱ्या नोकरीबरोबर चालूच राहतात. नोकरी करणाऱ्या मुलाचा वा सुनेचा पगार हा पुष्कळदा एका चुलीपुरता नसून थोरल्या कुटुंबाचा आधार असतो. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व मुले असे धरलेले असते. येथे त्या जशाच्या तशा वापरल्यास जबाबदाऱ्यांचा मोठा भाग निसटतो.

एकत्र कुटुंबाचा लाभही स्पष्ट आहे. सासू, आई वा जाऊ घरी असल्यास मुलांची काळजी घेतली जाते व अध्यापिकेस निश्चिंतपणे तास घेता येतात. हा आधार मिळतो, तो मात्र घरातील दुसऱ्या स्त्रीकडून. त्यामुळे स्त्रीवरील भार कमी न होता एका स्त्रीकडून दुसरीकडे सरकतो. शिवाय सासू वृद्ध वा आजारी झाली, की आधार देणारी व्यक्तीच शुश्रूषेची धनी होते आणि व्यवस्था अचानक कोसळते. भारताच्या कालोपयोग सर्वेक्षणात २०१९ मध्ये विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे होते. हे आकडे संपूर्ण देशाचे असून केवळ नोकरदारांचे नाहीत. तथापि पाच वर्षांच्या अंतरात स्त्री-पुरुषांमधील तफावत जवळजवळ तेवढीच राहिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुरुष सेवकांच्या बाबतीत संघर्ष निराळ्या रूपाने प्रकट होतो. कुटुंबपोषणाची जबाबदारी एकट्यावर असल्याची जाणीव, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि गावच्या शेतीची ओढ यांचा ताण त्यांच्यावर असतो. मात्र घरगुती कारणासाठी रजा मागणे त्यांना कमीपणाचे वाटते व वरिष्ठांनाही ते रुचतेच असे नाही.

रजा व सेवानियम : १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी प्रसूतिरजेची मुदत २६ आठवडे झाली व ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घालण्यात आले. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापिकांसाठी १८० दिवसांची प्रसूतिरजा, अज्ञान अपत्यांसाठी दोन वर्षांपर्यंत बालसंगोपन रजा व अध्यापकांसाठी १५ दिवसांची पितृत्वरजा यांचा समावेश आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्येच आपल्या सेवकांसाठी व अनुदानित शिक्षणसंस्थांसाठी जी बालसंगोपन रजा मंजूर केली, तिची मर्यादा १८० दिवसांची होती. ती स्त्री-सेवकांना, तसेच पत्नी हयात नसलेल्या वा अंथरुणास खिळलेल्या पुरुष सेवकांना देय ठरविण्यात आली. मुलांचे संगोपन ही प्रथमतः मातेची जबाबदारी आणि तिच्या अभावी पित्याची, ही समजूत या नियमात दिसते. २०२० मध्ये राज्याच्या शासकीय कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. पण शाळा-महाविद्यालये त्यातून वगळण्यात आली. कुटुंबाच्या जबाबदाऱ्या असलेल्या स्त्री-पुरुष कामगारांना भेदभावाविना काम करता यावे, असे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९८१ च्या संकेतात मांडले आहे.

नियम व वस्तुस्थिती यांत अंतर पडण्याची कारणेही रचनात्मक आहेत. विभागात एकच कायम अध्यापक असेल, तर त्याच्या रजेच्या काळात अध्यापन कोणी करावयाचे, हा प्रश्न सुटत नाही. मग रजा नियमाने मिळत असूनही ती घेणाऱ्यास सहकाऱ्यांवर भार टाकल्याची टोचणी लागते. तासिका तत्त्वावरील अध्यापिकेस तर रजा म्हणजे उत्पन्नाचा लोप. पद रिक्त ठेवण्याच्या धोरणाचा परिणाम अशा रीतीने भरलेल्या पदांवरील सेवकांच्या घरापर्यंत पोहोचतो.

मापन व त्याच्या मर्यादा : कार्यसमाधान मोजण्यासाठी मिनेसोटा समाधान प्रश्नावली (१९६७) व स्मिथ, केंडॉल आणि ह्यूलिन यांचा कार्यवर्णन निर्देशांक (१९६९) ही साधने प्रसिद्ध आहेत. त्यांत वेतन, काम, वरिष्ठ, सहकारी, बढती इत्यादींविषयी श्रेणीवार उत्तरे घेतली जातात. भारतात वाणिज्य, व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या प्रबंधांत हा विषय वारंवार निवडला जातो. अशा अभ्यासांत काही दक्षता आवश्यक असतात. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव नव्हे. असमाधानी सेवकास घर अधिक जड वाटते, की जड घरामुळे काम नकोसे होते, हे तिच्यातून ठरत नाही. प्रश्नावली प्राचार्यांमार्फत वाटल्यास उत्तरे सावध येतात. कौटुंबिक ताणामुळे नोकरी सोडून गेलेल्या व्यक्ती नमुन्यात नसतातच. त्यामुळे राहिलेल्यांचे समाधान प्रत्यक्षाहून अधिक दिसते. कायम व कंत्राटी सेवकांची एकत्र सरासरी काढल्यास दोघांचेही चित्र बिघडते. शिक्षकी पेशास समाजात मान असल्याने असमाधान व्यक्त करणे हे कृतघ्नपणाचे वाटणे, हाही अडसर आहे.

हर्झबर्गच्या सिद्धांताच्या प्रकाशात अध्यापकांच्या उत्तरांतील एक विसंगती उलगडते. वर्गात शिकविणे, विद्यार्थी पुढे आलेला पाहणे, गावात मिळणारा मान यांविषयी समाधान आणि त्याच वेळी कागदी कामे, बदली, वेतनातील विलंब व निवृत्तीनंतरची चिंता यांविषयी असमाधान, अशा दोन्ही भावना एकाच व्यक्तीत एकत्र नांदू शकतात. कामावरील प्रेम हे सेवाशर्तींविषयीच्या समाधानाचे प्रमाण मानता येत नाही. त्यागाची परंपरा असलेल्या संस्थांत ही गल्लत विशेषेकरून होण्याचा संभव असतो, कारण तेथे तक्रारीचा अभाव हाच संतोषाचा पुरावा समजला जातो.

उपाय : समतोल साधणे हे सेवकाचे, विशेषतः स्त्री-सेवकाचे, वैयक्तिक कौशल्य मानण्याकडे व त्यासाठी वेळेच्या नियोजनाची वा मनःशांतीची शिबिरे घेण्याकडे अनेक संस्थांचा कल असतो. अशा शिबिरांचा काही उपयोग असला, तरी संघर्षाची मुळे बहुतांशी संस्थेच्या व शासनाच्या निर्णयांत असतात. रिक्त पदे भरणे, तासिका अध्यापकांस वर्षभराचे मानधन व रजा देणे, पती-पत्नींच्या बदल्यांत एकत्रीकरणाचे तत्त्व पाळणे, परीक्षाकामाचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करणे, सणांच्या दिवसांत तपासणी टाळणे, संस्थेच्या आवारात वा जवळच्या महाविद्यालयांनी मिळून पाळणाघर चालविणे, एकच माहिती अनेक नमुन्यांत भरण्याची पद्धत बंद करणे आणि संगोपनाची रजा वडिलांनाही सहज उपलब्ध करणे, हे उपाय या दृष्टीने महत्त्वाचे होत. यांपैकी परीक्षेचे वेळापत्रक, पाळणाघर व कागदपत्रांचे सुलभीकरण यांस विशेष खर्च लागत नाही. पदभरती व मानधन यांची जबाबदारी मात्र राज्य शासनाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजीव सदस्यांपुढे उभा राहिलेला प्रश्न आज हजारो सेवकांपुढे आहे. फरक असा, की आजीव सदस्याने अल्प वेतन स्वेच्छेने व ठराविक मुदतीसाठी पत्करले होते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अध्यापकाला ही निवड करण्याची मुभा नसते. त्याच्या अनिश्चित उत्पन्नाचा भार त्याचे कुटुंब वाहते.